मातीत गाडलेली किड्यांची घरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सोडला तर महिन्यातल्या एखाद्या रविवारी आम्ही दहा-बाराजण कोल्हापूरच्या आसपास माती बघायला जातो. ओढ्याचा ढासळलेला काठ, नवी खोदलेली विहीर, रस्त्यासाठी कापलेली टेकडी, जे उघडं मिळेल ते. दरवेळी नवी माणसं येतात आणि दरवेळी तेच प्रश्न विचारतात. "माती बघायला म्हणजे? प्लॉट घ्यायचाय काय?" हा पहिला. नाही, प्लॉट घ्यायचा नाही. जुन्या मातीत दगड होऊन राहिलेली किड्यांची घरं शोधायची असतात. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं खाली आहेत.

किड्याचं घर जीवाश्म कसं होईल? जीवाश्म म्हणजे हाडं ना?

हाडं, दात, शिंपले हे शरीराचे जीवाश्म. त्यांच्या जोडीला खुणांचे जीवाश्म असतात: पावलांचे ठसे, बिळं, कुरतडलेली पानं, शेण. प्राणी गेला, त्याने केलेलं काम मागे राहिलं. या खुणांच्या अभ्यासाला इक्नॉलॉजी म्हणतात.

किड्याचं अंग मातीत टिकत नाही. हवा खेळती असली की बुरशी आणि मुंग्या चार दिवसांत त्याचा फडशा पाडतात. घराचं तसं नसतं. आईने माती ओली करून, दाबून दाबून भिंत लिंपलेली असते. काही मधमाश्या तर आतून मेणासारखा, पाणी न झिरपणारा हात देतात. भोवतालच्या भुसभुशीत मातीपेक्षा ती भिंत मुळातच घट्ट. पुढे तिच्यात चुनखडीचं पाणी मुरलं, लोह साठलं किंवा सिलिका बसली की तिचा दगड होतो. मग कधीतरी ओढा काठ कापतो, मऊ माती धुपून जाते आणि घर तेवढं गोटीसारखं पायाशी येऊन पडतं.

"जुनी माती" कशाला म्हणता? माती सगळी जुनीच असते की.

एके काळी जी उघड्यावर होती, जिच्यात मुळं गेली, किडे राहिले, पाऊस मुरला, आणि जी नंतर राखेखाली, गाळाखाली किंवा लाव्हाखाली गाडली गेली, ती. भूशास्त्रात तिला पॅलिओसोल म्हणतात. नुसता गाळ पाण्याने टाकल्यासारखा थरांवर थर दिसतो. मातीत हे थर मोडलेले असतात, कारण मुळांनी आणि किड्यांनी तो ढवळलेला असतो. काठाच्या उभ्या कापात मुळांच्या फांदीदार खुणा, रंगाचे पट्टे आणि चुनखडीच्या गाठी दिसल्या की थांबायचं. इथे कधीतरी जमीन होती.

बरं, पण किड्याच्या घरावरून हवामान कसं कळणार?

घर ही बाळंतपणाची खोली आहे, म्हणून कळतं.

मातीत एकटी राहणारी मधमाशी घ्या. पोळंबिळं काही नाही, एकटीचा संसार. ती बीळ खणते, त्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी खोली करते, परागकण आणि मधाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, दार लिंपते आणि निघून जाते. पुढचे कित्येक आठवडे, कधी कधी वर्षभर, अळी त्या शिदोरीवर एकटी. माती ओलीगच्च असेल तर शिदोरीला बुरशी येणार. पाणी वर चढलं तर अळी बुडणार. म्हणून आई जागा पारखून घेते: ऊन कुठे लागतं, निचरा कसा आहे, गवत दाट आहे की जमीन उघडी आहे. आपण विहिरीसाठी पाणाड्या आणतो, पण माशीइतकी मातीची पारख त्यालाही नसावी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २०१९ चा महापूर ज्यांनी बघितला त्यांना ती लगेच पटते. पंचगंगेच्या पाण्यातून काय काय वाहत आलं! पत्रे, ओंडके, भांडी, मेलेली जनावरं. पूर ओसरल्यावर रानात सापडलेला सिलिंडर त्या रानमालकाचा असेलच असं नाही. विहीर मात्र वाहून येत नाही. विहीर आहे म्हणजे कुणीतरी त्याच जागी खणलं होतं. हाडं, दात, परागकण हे सिलिंडरसारखे, नदी त्यांना कुठूनही आणून टाकते. किड्याचं घर विहिरीसारखं.

एक अपवाद सांगून ठेवतो. दगड झालेले शेणाचे गोळे सुटे होऊन ओढ्यात गडगडत जाऊ शकतात. त्यामुळे ओढ्यात पडलेला गोळा सुंदर असला तरी त्याची साक्ष अर्धीच धरायची. काठात जागेवर रुतलेला हवा.

उसातली हुमणी आणि याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि आपल्याकडे शिकायला सगळ्यात सोपी तीच.

करवीर, कागल, हातकणंगले, कुठेही ऊस लावणाऱ्याला हुमणीची ओळख करून द्यावी लागत नाही. वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे संध्याकाळी बाभळीवर, कडुलिंबावर जमतात. मादी मातीत अंडी घालते. अळ्या पावसाळाभर मुळं खातात, ऊस पिवळा पडतो आणि ओढला की हातात येतो. पुढची गोष्ट मात्र फार थोड्यांनी बघितलेली असते. पाऊस सरला की पोसलेली अळी खोल जाते आणि स्वतःभोवती मातीची कोठडी करते.

एकदा एका शेतकऱ्याने पाइपलाइनचा चर खणताना अशी कोठडी आम्हाला ढेकळासकट काढून दिली. बाहेरून नुसतं ढेकूळ. चाकूने हळूच फोडलं तर आत लांबट पोकळी, जांभळाएवढी, आणि भिंत अशी गुळगुळीत की हाताने सारवल्यासारखी. अळी आत अंग वळवून वळवून भिंत दाबत असते, तोच तिचा गिलावा. आत पिवळसर कोष होता, उजेड लागल्यावर त्याने पोट हलवलं. शेतकरी म्हणाला, "हिला एवढा बंगला बांधून द्यायला आमचाच ऊस लागतोय."

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर जुन्या वाळूच्या टेकड्यांमध्ये अशाच कोठड्या दगड होऊन ढिगाने मिळतात. त्या सोंडेकिड्यांच्या आहेत, एका बाजूला बाहेर पडतानाचं भोक असलेल्या. जिवंत कोठडी हातात घेतलेल्या माणसाला दगडाची कोठडी चित्रातही लगेच ओळखू येते. म्हणून नव्या लोकांना आम्ही आधी उसात नेतो.

शेणाचे गोळे दगड होतात हे खरं?

खरं. शेणकिडे शेणाचा गोळा करतात, पुरतात, बरेचसे त्यावर मातीचं कवच चढवतात आणि आत अंडं घालतात. अळी आतलं शेण खाऊन मोठी होते, भुंगेरा होऊन भोक पाडून निघून जातो, मागे मातीचा पोकळ गोळा राहतो. अशा दगडी गोळ्यांना कॉप्रिनिस्फेरा म्हणतात. हे नाव गोळ्याचं आहे, किड्याचं नाही. दोन वेगळे किडे एकसारखं घर बांधू शकतात, म्हणून घराची नावं वेगळी ठेवण्याची पद्धत आहे.

आपल्या देशात हत्तीच्या शेणावर जगणारा हेलिओकॉप्रिस नावाचा भलामोठा शेणकिडा आहे. त्याचे जमिनीत खोल पुरलेले गोळे पहिल्यांदा सापडले तेव्हा ते जुने दगडी तोफगोळे समजले गेले होते. पन्हाळ्याच्या वाटेवर हे सांगितलं की सगळे हसतात, आणि मग परतीच्या वाटेवर प्रत्येक गोल दगड उचलून बघतात.

म्हणजे शेणाचा गोळा सापडला की तिथे गवताळ रान होतं, असंच ना?

इथेच सावकाश जायला लागतं.

सरळ हिशेब असा: गोळा आहे म्हणजे शेण होतं, शेण होतं म्हणजे मोठी चरणारी जनावरं होती, जनावरं होती म्हणजे गवत होतं. पहिल्या दोन पायऱ्या पक्क्या आहेत. तिसरी डुगडुगते.

अर्जेंटिनाचे होर्हे हेनिसे यांनी किड्यांच्या दगडी घरांवर आयुष्य घालवलं. २००० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की ज्या जुन्या मातींत शेणकिड्यांचे गोळे, माश्यांच्या खोल्या आणि मुंग्यांची घरं एकत्र सापडतात, त्या साधारणपणे मोकळ्या, गवता-झुडपांच्या रानाच्या. अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडच्या पॅटागोनियातल्या ग्रान बारांका या कड्यात अशा गोळ्यांचे थरच्या थर आहेत, जवळपास ४ कोटी वर्षांपूर्वीपासूनचे. त्याच थरांत उंच दातांच्या जनावरांची हाडं मिळतात. गवत खरखरीत, म्हणून दात झिजतात, म्हणून उंच दात. सगळं जुळलं. जगातली सगळ्यात जुनी गवताळ मैदानं इथेच, असं अनेकांचं मत झालं.

मग २०१३ मध्ये त्याच मातीतले फायटोलिथ मोजले गेले. फायटोलिथ म्हणजे वनस्पतीच्या पेशींत साठणारे सिलिकाचे सूक्ष्म कण. झाड कुजतं, हे कण मातीत राहतात, आणि त्यांच्या आकारावरून गवत की ताड की रुंद पानाचं झाड हे कळतं. मैदानाचा हिशेब त्यात बसेना. ताडामाडांची आणि झाडांची सरमिसळ जास्त निघाली. दात झिजायला गवतच लागतं असंही नाही, ज्वालामुखीची राख पानांवर बसली की ती वाळूच्या कागदासारखी असते, आणि ग्रान बारांकाची माती राखेचीच आहे.

मला विचाराल तर यात गोळ्यांचा काही दोष नाही. त्यांनी "इथे शेण होतं" एवढंच सांगितलं होतं, गवत आपण घातलं. साक्षीदाराने न सांगितलेलं त्याच्या तोंडी घालायची खोड कोर्टकचेरीत जशी, तशी इथेही. एक महाराष्ट्राची जोड देतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे जीवाश्म मिळतात, आणि २००५ साली त्यात गवताचे फायटोलिथ सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवत असेल असं फारसं कुणी धरत नव्हतं. तिथे गवत होतं म्हणून गवताळ मैदान होतं, असं मात्र कुणी म्हणत नाही.

डायनासोरच्या शेणातही शेणकिडे होते?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात सुमारे ७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या डायनासोरच्या दगडी शेणात शेणकिड्यांनी पाडलेली आणि भरलेली बिळं १९९६ साली वर्णन केली गेली. होते.

वारुळांचं काय? आपल्याकडे वारुळं पुष्कळ आहेत.

वाळवीची जुनी घरं मिळतात आणि ती फार बोलकी असतात. इजिप्तमधलं फायूम आज रखरखीत वाळवंट आहे. तिथल्या सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत वाळवीची घरं सापडली, १९८२ साली त्यांना टर्मिटिक्नस हे नाव मिळालं. याच थरांत जुन्या माकडांचे अवशेष मिळतात. वाळू बघून तिथे झाडी होती हे पटणार नाही, पण घरं, मुळांच्या खुणा आणि माती मिळून उष्ण, दमट हवेकडे बोट दाखवतात.

आपल्या बांधावरचं उंच, मनोऱ्यांचं वारूळ बहुधा बुरशी पिकवणाऱ्या वाळवीचं असतं. ही वाळवी लाकूड-पाचोळा खाऊन आणते, विष्ठेचा स्पंजासारखा गोळा करते आणि त्यावर बुरशीची शेती करते. पहिल्या मोठ्या पावसानंतर वारुळाजवळ उगवणारी अळंबी ही त्याच शेतीचं बाहेर आलेलं पीक. बाजारात वाट्याने विकायला आली की आम्ही घेतो, आणि दरवेळी कुणीतरी ऐकवतं की ही वाळवीच्या ताटातली आहे. चव काही कमी होत नाही.

ही शेती किती जुनी? टांझानियात रुक्वा खोऱ्यात २.५ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवीच्या घरात बुरशीचे मळे दगड झालेले मिळाले, ते २०१६ साली प्रसिद्ध झाले. उत्तर चाडच्या वाळवंटात साधारण ७० लाख वर्षांपूर्वीच्या थरांतही असे मळे आहेत. आज जिथे वाळूच्या टेकड्या सरकतात तिथे बुरशी जगवायला लागणारा ओलावा आणि पाचोळा होता. नुसत्या वाळूच्या दाण्यांवरून एवढं कधीच कळलं नसतं.

माश्यांच्या खोल्यांची ओळख काय?

मला सगळ्यात आवडणारी. बोटाच्या पेराएवढी कुपी, आतून गुळगुळीत, एक टोक गोल. दुसऱ्या टोकाला झाकण, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला शंखासारखं वळण. माशी कडेपासून सुरुवात करून गोल गोल माती लावत मधे येते, म्हणून ते वळण. कुंभाराच्या हाताखालून निघालेल्या पणतीच्या तळाशी जशी रेघ राहते तशी. अशा खोल्यांना सेलिफॉर्मा म्हणतात. टांझानियात लाएटोलीला मेरी लीकींच्या चमूने १९७८ साली माणसासारख्या दोन पायांवर चालणाऱ्यांची ३६.६ लाख वर्षं जुनी पावलं उघडी केली, त्या परिसरातल्या राखेच्या मातींतही माश्यांच्या खोल्या आणि शेणाचे गोळे आहेत. पावलं जगभर गाजली, खोल्यांकडे बघायला कमी लोक गेले.

चुनखडीच्या मातीत माश्यांच्या खोल्या भरपूर आणि शेणाचे गोळे जवळपास नाहीत, असं दिसलं की कोरड्या, विरळ झुडपांच्या, मधूनमधून उघड्या पडलेल्या जमिनीचा संशय घ्यायचा.

आणि क्वचित मालकीणही घरात सापडते. पोर्तुगालच्या नैऋत्य किनाऱ्यावर सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या मातीत बंद कोषांमध्ये सुकून राहिलेल्या माश्या मिळाल्या, डोळे, पाय, परागकण सगळं ओळखू येण्यासारखं. २०२३ साली हे प्रसिद्ध झालं. बाहेर पडायच्या बेतात असताना त्या दगावल्या, बहुधा अचानक थंडीने किंवा पाणी शिरल्याने.

पन्हाळ्याच्या जांभ्यात भोकंच भोकं असतात. ती वाळवीची का?

बहुतेक नाहीत. हा प्रश्न दरवेळी येतो आणि उत्तर ऐकून दरवेळी चेहरे पडतात.

जांभा हा पावसाने पिळून काढलेला दगड आहे. सिलिका आणि क्षार धुपून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. लोह जिथे साठलं तिथे टणक, मधली मऊ माती पुढे धुऊन गेली की भोकं. म्हणून ती वेडीवाकडी, कमीजास्त जाडीची, एकमेकांत घुसलेली असतात. किड्याच्या कामाला माप असतं. त्याचं बोगद्याचं तोंड सगळीकडे साधारण एकाच जाडीचं, भिंत लिंपलेली, टोकाला खोली. जांभ्यातल्या काही भोकांत आज मुंग्या राहतात, त्या भाडेकरू.

काळ्या कातळातली गोल भोकं त्याहून सोपी. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूचे बुडबुडे ते, पुष्कळदा आत पांढरे स्फटिक भरलेले. आणि हो, किल्ल्याच्या भिंतींवर चाकू चालवू नका. आधीच नावं कोरणाऱ्यांनी उच्छाद मांडलाय.

घाटात कातळांच्या मधे विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो. ती जुनी माती ना?

बरोबर ओळखलंत. दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर वाहिला. दोन थरांच्या मधे उसंत मिळाली तेव्हा वरचा पृष्ठभाग किंवा त्यावर पडलेली राख कुजून लाल झाली, आणि पुढचा लाव्हा तिच्यावर आला. आंबा घाटात, गगनबावड्याच्या उतरणीला गाडीतूनही दिसतो तो पट्टा हाच. म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधे किती काळ गेला याचं ते घड्याळ. पण किड्यांची घरं शोधायला ही जागा कठीण आहे. वरून हजार अंशांच्या आसपासचा लाव्हा आला, माती भाजून निघाली, वरच्या वजनाने दबली, पुढे पाण्याने तिच्यातली खनिजं बदलली. कुंभाराच्या भट्टीखालच्या जमिनीत बी शोधण्यासारखं आहे. नदीकाठची गाळाची, चुनखडीच्या गाठींची माती आपल्याला जास्त जवळची.

मग आपल्या काळ्या मातीत पुष्कळ मिळत असतील?

काळी माती स्वतःला नांगरते. उन्हाळ्यात शिरोळकडच्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते, भेगा मिटतात, खालची ढेकळं एकमेकांवर घासत वर येतात. चर खणला तर चकाकत्या, तिरक्या, घासलेल्या पृष्ठभागांवर बोट फिरवता येतं. एवढ्या उलथापालथीत नाजूक खोली शाबूत कशी राहणार? म्हणून जुन्या काळ्या मातीत घरं नाहीत याचा अर्थ किडे नव्हते, असा होत नाही. ते चकाकते पृष्ठभाग मात्र स्वतःच सांगतात: इथे वर्षातले काही महिने पाऊस आणि काही महिने कोरड होती.

आपला जिल्हा यासाठी नामी आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शिरोळकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि मधे एसटीचा अर्धा दिवसही जात नाही. पश्चिमेला धुपलेली तांबडी माती, चुनखडीचा पत्ता नाही. पूर्वेला काळी, खाली चुनखडीच्या गाठी. समजा आज रात्री अख्ख्या जिल्ह्यावर राख पडली आणि १ कोटी वर्षांनी कुणी खणलं. पूर्वेला चुन्याने घट्ट झालेली घरं चांगली टिकलेली असतील, पश्चिमेला आंबट मातीत जेमतेम. तो खणणारा म्हणेल, पश्चिमेला किडे कमी होते. आणि आपण त्याला सांगायला नसू की बाबा, राधानगरीच्या जंगलात एकदा रात्रीचं येऊन बघ.

सगळ्यात जुनं माशीचं घर किती वर्षांपूर्वीचं?

पॅटागोनियातल्या चुबुत प्रांतातलं, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचं, २०२० साली प्रसिद्ध झालेलं. फुलझाडं पसरायला लागली त्याच सुमाराचं. अमेरिकेतल्या ॲरिझोनातून त्याच्या दुप्पट जुन्या खोल्यांचा दावा झाला होता, पण फुलं नसताना माशी काय करत होती, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालं नाही. त्या भुंगेऱ्यांच्या असाव्यात असं अनेक जण धरतात.

घराचं वय मोजतात कसं?

घरावरून नाही. वर-खाली ज्वालामुखीची राख असेल तर तिच्यातल्या स्फटिकांवरून. आपल्याकडे घरापेक्षा घराच्या सातबाऱ्यावर जास्त विश्वास, तसंच.

हवामान तापलं तर किडे बदलतात का? जुन्या मातीत तसं काही दिसतं?

दिसतं. ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी थोड्या काळात ५ अंशांहून जास्त तापली. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या बिगहॉर्न खोऱ्यात त्या काळातल्या मातीचे थर आहेत. त्यांत अळ्यांची बिळं आहेत, पुढे खणायचं आणि मागे माती भरत जायचं अशा पद्धतीची, त्यामुळे बिळात चंद्रकोरीसारखे एकामागे एक थर दिसतात. २००९ सालच्या अभ्यासात त्या तापलेल्या काळातल्या बिळांची जाडी आधीच्या-नंतरच्यापेक्षा ३० ते ४६ टक्क्यांनी कमी निघाली. किडे खुजे झाले होते. तापमान उतरलं तशी बिळंही पुन्हा जाड झाली. किड्याचा एक पायसुद्धा न सापडता त्याचं माप मिळालं, ही मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

तुमची कधी फसगत झाली आहे का?

झाली आहे, आणि ती सगळ्यांना सांगतो म्हणजे पुन्हा कुणाची होऊ नये. एका ओढ्याच्या उभ्या काठात, वरून पुरुषभर खाली, चुनखडीच्या गाठींच्या थरात मला ओळीने पाच-सहा खोल्या दिसल्या. गुळगुळीत, लिंपलेल्या, अगदी चित्रातल्यासारख्या. मी फोटो काढले, चार जाणकारांना पाठवले, रात्री झोप नाही. पुढच्या रविवारी बरोबरच्या एका मुलीने काडीने एक खोली उघडली. आत पिवळाधमक परागकणांचा गोळा, आंबूस वास येणारा. त्या वर्षीचाच.

माश्यांनी काठाच्या उभ्या अंगातून आडवं बीळ खणलं होतं, जुन्या मातीत. माती जुनी, घर नवं. तेव्हापासून एकच तपासणी आधी करतो: बीळ कुठून सुरू होतं? खरं जुनं घर जुन्या जमिनीच्या पृष्ठभागावरून खाली उतरतं, आणि वरचा थर त्याच्या तोंडावर बसलेला असतो. आजच्या काठाच्या अंगातून आत शिरलेलं बीळ कितीही सुंदर असलं तरी ते आजचं.

मला असं काही सापडलं तर काय करू?

उकरू नका. आधी फोटो, शेजारी नाणं किंवा पेन ठेवून. एक फोटो जवळून, एक दुरून पूर्ण काठाचा. जमिनीपासून किती खोल ते मोजा, मोबाइलमध्ये जागेची खूण ठेवा. रानमालकाला विचारा, त्याला बहुधा त्या काठाची गेल्या तीस वर्षांची हकिकत माहीत असते. मग जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्र किंवा भूगोल शिकवणाऱ्या सरांना-मॅडमना दाखवा. घरी आणून शोकेसमध्ये ठेवलेला गोळा हा फक्त गोळा असतो.

आमच्या माडीवर कुंभारीण माशीचं मातीचं घर आहे. पाडू का?

भिंतीवर कुंभारीण अजून येत-जात असेल तर राहू द्या, ती चावायच्या भानगडीत सहसा पडत नाही. भोकं पडलेली असतील तर पिल्लं गेली, घर रिकामं. असं रिकामं घर सुरीने अलगद सोडवा आणि वर्तमानपत्रावर मधोमध चिरा. ओळीने कप्पे दिसतील, कप्प्यात तपकिरी कागदासारखा कोष, आणि तळाशी तिने पिल्लासाठी आणून ठेवलेल्या कोळ्यांचे सुटे पाय. बाहेरच्या भिंतीवर भिंग धरा: प्रत्येक खेपेला आणलेल्या गोळीची एकेक वेगळी पट्टी दिसते, कधी काळी, कधी तांबडी. आमच्या एका घरात मधल्या तीन पट्ट्या तालमीतल्या मातीसारख्या लाल होत्या. गल्लीत त्या आठवड्यात तालमीची माती बदलली होती.